'सीईटीला किती पडले?' हा प्रश्न भेदभाव कधी ठरतो? कॉलेजमधल्या समतेच्या नियमांचा वाद समजून घ्या

कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो : 'सीईटीला किती पडले?' वरवर साधा प्रश्न. पण अनेकदा मार्कांच्या आडून समोरच्याची जात काढायची असते. भोर किंवा वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका) एखाद्या वाडीतून पुण्यात आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या महादेव कोळी, कातकरी किंवा बौद्ध मुलामुलींना त्याचा रोख लगेच कळतो. तक्रार कुठे करायची, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

याच तक्रारीच्या हक्कावरून जानेवारी २०२६ मध्ये देशभरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. काही नियमांच्या बाजूने, काही विरोधात. नेमका वाद काय आहे?

सुरुवात कुठून झाली?

२२ मे २०१९. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोगशास्त्रात एमडी करणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. पायल जळगाव जिल्ह्यातल्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन सीनियर डॉक्टरांवर झाला. त्यांनी तो नाकारला. त्यानंतर विद्यार्थी आणि अनेक संघटनांनी आंदोलनं केली.

त्याच वर्षी पायल यांची आई आबेदा तडवी आणि २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात जीव गमावलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं : नियम आहेत, पण ते कागदावरच आहेत.

आधीचे नियम काय सांगतात?

यूजीसीने २०१२ मध्येच समतेचे नियम केले. त्यानुसार वर्गात जात जाहीर करणं, 'रिझर्व्हेशनवाला' म्हणून हिणवणं, होस्टेल-मेसमध्ये वेगळं बसवणं, लॅबमध्ये काम न देता नुसतं उभं ठेवणं, हे सगळं भेदभावात मोडतं. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणं बंधनकारक आहे.

मग नवे नियम कशाला?

कोर्टातल्या या याचिकेमुळे यूजीसीने १३ जानेवारी २०२६ ला नवे नियम आणले. त्यात चोवीस तास हेल्पलाइन, तक्रार आल्यावर २४ तासांत समितीची बैठक आणि १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल, अशा तरतुदी होत्या. ओबीसी विद्यार्थ्यांनाही जातीय भेदभावाच्या व्याख्येत घेतलं. यूजीसीच्याच आकडेवारीनुसार अशा तक्रारी २०१९-२० मधल्या १७३ वरून २०२३-२४ मध्ये ३७८ वर गेल्या होत्या.

विरोध का झाला?

दोन मुद्दे होते. एक, जातीय भेदभावाच्या व्याख्येत फक्त एससी, एसटी आणि ओबीसी. मग खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी कुठे जायचं? दोन, खोट्या तक्रारीला शिक्षेची तरतूद मसुद्यात होती, ती अंतिम नियमांतून काढली.

समर्थकांचं उत्तर असं : जातीची उतरंड एकाच दिशेने चालते, त्यामुळे संरक्षणही तिथेच लागतं. आणि शिक्षेची टांगती तलवार ठेवली, तर आधीच घाबरलेला विद्यार्थी तोंडच उघडणार नाही.

२९ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने नव्या नियमांना स्थगिती दिली आणि तोवर २०१२ चे नियम लागू राहतील, असं स्पष्ट केलं.

हा फक्त भारतातला प्रश्न आहे का?

नाही. विद्यार्थ्यांच्या पाठपुराव्यानंतर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या २३ कॅम्पसच्या भेदभावविरोधी धोरणात वंश, धर्म यांच्याबरोबर 'जात' हा शब्द घातला. तिथेही काही प्राध्यापकांनी आक्षेप घेतला होता. जात समुद्रापार जाते, आणि तिच्याबद्दलचा वादही.

मग आत्ता हातात काय आहे?

सोशल मीडियावर भांडण व्याख्येवरून रंगलं. ते महत्त्वाचं आहेच. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. स्थगिती नव्या नियमांना आहे, तक्रारीच्या हक्काला नाही. दोन आयांनी कोर्टात मांडलेला मुद्दा आजही तोच आहे : असलेला नियम गावाकडून आलेल्या मुलीपर्यंत पोहोचतो का?

त्यामुळे तुमच्या कॉलेजची वेबसाइट उघडा. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर तिथे आहे का, बघा. नसेल, तर प्राचार्यांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. नाव सापडलं, तर ते फर्स्ट इयरच्या ग्रुपवर टाका. भोरहून एसटीने आलेल्या एखाद्याला त्याची गरज पडू शकते, आणि त्या वेळी ते शोधत बसायला त्याच्याकडे वेळ नसेल.