विश्लेषण : ई-मेल सर्व्हर स्वतःचा, पण दाराला कडी लागली का?

मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची आउटलुक ई-मेल खाती जुलै २०२५ मध्ये एकाएकी बंद पडली आणि ‘मेल नेमका कोणाच्या ताब्यात?’ हा प्रश्न ऐरणीवर आला. स्वतःचा सर्व्हर हा त्यावर उपाय आहे का, याविषयी…

नायराचे काय झाले?

रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा असलेल्या नायरावर युरोपीय संघाने १८ जुलैला निर्बंध घातले. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. परवान्याचे पैसे भरलेले, भारतीय कायद्याने कसलीही बंदी नाही, तरीही मेल बंद! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि दरम्यान रेडिफची मेलसेवा घेतली. महिना संपण्याआधी मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली. पुढे ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला मेल झोहोकडे नेल्याचे जाहीर केले. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खातीही झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याचे वृत्त आले. पण हे झाले घरमालक बदलणे. स्वतःचे घर बांधणे ही वेगळी गोष्ट.

ते बांधणे सोपे झाले आहे?

बरेच. समजा, हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी हळदीची बिले व्यापाऱ्यांना मेलने पाठवते आणि त्यासाठी तिने भाड्याचा सर्व्हर घेतला. मेलची ने-आण पोस्टफिक्स करते, पेटी डोव्हकॉट सांभाळते, कचरा आरस्पॅमडी गाळते. हे सारे हाताने जुळवायला पूर्वी दिवस लागत. २०१३ मध्ये डॉकर आले आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या बाडबिस्तऱ्यासह एका बंद खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालू लागला. मेलकाउ, मेलू, डॉकर-मेलसर्व्हर असे तयार संच फुकट मिळतात. संगणकाची जाण असलेला तरुण एका दुपारीत सर्व्हर उभा करतो. अडचण तिथूनच सुरू होते.

फायरवॉल असूनही दार उघडे कसे?

उबुंटू सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावली की बहुतेकांना निर्धास्त वाटते. प्रत्यक्षात कंटेनरचे पोर्ट ‘पब्लिश’ करताना डॉकर आपले नियम स्वतः लिहितो आणि वाहतूक यूएफडब्ल्यूच्या तपासणीआधीच आत वळते. फायरवॉल ‘बंद’ म्हणते, पोर्ट मात्र जगाला खुले. म्हणून मेल घेण्यासाठी २५, पाठवण्यासाठी ४६५ आणि वाचण्यासाठी ९९३ एवढीच पोर्ट बाहेर ठेवावीत. वेबमेल हवा असेल तर ४४३. व्यवस्थापनाचा पडदा १२७.०.०.१ या आतल्या पत्त्याला बांधावा किंवा व्हीपीएनमागे ठेवावा.

दुसरा सापळा याहून वाईट आहे. काही जोडण्यांत, विशेषतः आयपीव्ही६ नीट बसवलेले नसल्यास, बाहेरून आलेली प्रत्येक जोडणी कंटेनरला डॉकरच्या आतल्या पत्त्यावरूनच आल्यासारखी दिसते. नाक्यावरच्या शिपायाला प्रत्येक गाडी गावातलीच वाटावी, तसे. त्यात डॉकरचे जाळे ‘विश्वासू’ यादीत असेल, तर पासवर्डाशिवाय कुणीही या सर्व्हरवरून मेल पाठवू शकतो. यालाच ओपन रिले म्हणतात. पासवर्डचे घाव घालणाऱ्यांना अडवणारे फेल२बॅनही मग निरुपयोगी ठरते, कारण सगळ्यांचा पत्ता एकच! नोंदींत खरे पत्ते दिसतात का, हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे.

मेल पोहोचेल याची खात्री?

इथे ‘स्वतःचा’ या शब्दाची मर्यादा कळते. सर्व्हर आपला असला तरी त्याची पत जीमेल, याहू, आउटलुक ठरवतात. अनेक क्लाऊड कंपन्या बाहेर जाणारे पोर्ट २५ मुळातच बंद ठेवतात. आयपी पत्त्याची आधीच्या भाडेकरूमुळे बदनामी झालेली असेल, तर तीही वारशाने मिळते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने सर्वच प्रेषकांना एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि रोज ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्कसह तिन्ही सक्तीचे केले. एसपीएफ सांगते की कोणते सर्व्हर आमच्या नावाने मेल पाठवू शकतात; डीकेआयएम म्हणजे मेलवरचा डिजिटल शिक्का; या दोन्हीत न बसणाऱ्या मेलचे काय करायचे, ते डीमार्क ठरवते.

हळदीच्या कंपनीला यातले डीमार्कच सर्वांत मोलाचे. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा बनावट मेल तिच्या पत्त्यावरून व्यापाऱ्याला गेला, तर शेतकऱ्यांची रक्कम भलत्याच खात्यात जाईल. डीमार्कचे धोरण ‘नन’वर सोडले तर असा मेल थांबत नाही. आधी अहवाल तपासून, मग ‘क्वारंटाइन’ आणि शेवटी ‘रिजेक्ट’पर्यंत न्यावे लागते. एखादे अक्षर फिरवून घेतलेल्या मिळत्याजुळत्या डोमेनपुढे मात्र डीमार्कही हतबल. तिथे फोन करून खात्री करणेच उरते.

मग करावे की नाही?

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कंटेनर पुसून नवा केला की त्याच्या आतल्या नोंदीही जातात. म्हणून मेल, नोंदी आणि डीकेआयएमच्या किल्ल्या बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवून त्यांची प्रत दुसरीकडे हवी. दर महिन्याला अद्ययावतीकरण करणारा माणूस नसेल, तर हा खटाटोप करू नये. अशा कंपनीने मेल कुठेही ठेवावा. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर नोंदवावे आणि जुन्या मेलची प्रत जवळ ठेवावी. म्हणजे सेवा बंद पडली तरी पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जाता येते.

वीज किंवा जोडणी गेल्याची धास्ती त्यामानाने कमी. समोरचा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची असते.