मार्चअखेर आणि वायतुरा

साताऱ्याच्या पश्चिमेस कासच्या पठारावर, मृगाच्या सरी कोसळून कातळातील उथळ डबकी भरली म्हणजे, वायतुरा नावाची एक नाजूक पाणवनस्पती वर येते. हिच्या शास्त्रीय नामातच सातारा गोवलेला आहे, नर आणि मादी झाडे निराळी असतात, आणि पाऊस सरला की ती कंदरूपाने चिखलात दडून पुढल्या ज्येष्ठापर्यंत निद्रिस्त राहते. तिच्या परागीभवनाचा अभ्यास करावा म्हणून माझ्या परिचयातील एका तरुण प्राध्यापिकेने अनुदानासाठी अर्ज केला. मंजुरीचे पत्र दिवाळीच्या सुमारास आले, रक्कम मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाली, आणि 31 मार्चपूर्वी तिचा विनियोग करून उपयोगिता प्रमाणपत्र धाडावे, असा शेरा सोबत होता. पठारावर त्या वेळी करपलेल्या गवताखेरीज काही नव्हते. बाईंनी तीन-तीन दरपत्रके मागवून घाईघाईने काचसामान घेतले; जीपचे भाडे आणि मदतनिसाचे वेतन, म्हणजे ज्यावर खरे काम उभे राहावयाचे ते सारे, अखर्चित शिल्लक म्हणून व्याजासह परत गेले.

हे एका वनस्पतीपुरते नाही. तासगाव-मिरजेकडील द्राक्षबागांत एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी होते. फळछाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी हा रोग कसा पसरतो हे पाहणाऱ्या सांगलीच्या अध्यापकाला डिसेंबरात मिळालेला हप्ता म्हणजे वर्ष बुडाल्याची वर्दीच होय. जुन्या, नावाजलेल्या प्रयोगशाळेत पूर्वीच्या प्रकल्पांची उपकरणे आणि माणसे असतात, तिथे असा विलंब निभावून नेता येतो. ज्याची नोकरी नवी आणि ज्याचे हे पहिलेच अनुदान, त्याचा तीन वर्षांच्या मुदतीतला एक संपूर्ण हंगाम निघून जातो, आणि पुढील अर्जात ‘पूर्वकार्य’ या रकान्यात लिहावयास काही उरत नाही.

अशा संशोधनाला निधी देण्यासाठी 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचा संकल्प सोडण्यात आला, आणि त्यांपैकी 14,000 कोटी सरकारी तिजोरीतून यावयाचे ठरले. रकमेच्या लहानमोठेपणाविषयी वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझे मागणे तारखेपुरते आहे: क्षेत्रकार्याच्या प्रकल्पांचा पहिला हप्ता मेअखेर हाती पडावा, आणि शिल्लक रक्कम निराळ्या अर्ज-विनंत्या न करता पुढील सालच्या खाती ओढता यावी.

तोवर संस्थांनी गाठीचे पैसे उचल म्हणून द्यावेत. रयत शिक्षण संस्था आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय, दोन्ही 1919 सालची. वसतिगृहातील मुलांसाठी रयतच्या संस्थापकांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडले ते याच मुलखात. मंजुरीपत्र हाती असलेल्या अध्यापकास चार महिन्यांसाठी लाखभर रुपये उसने देणे त्या मुलखास जड जाऊ नये.

बाई जूनमध्ये स्वतःच्या पगारातून पठारावर गेल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या वहीत, कोणत्या डबक्यात नर तुरे किती आणि मादी किती, याची त्यांनी पेन्सिलीने नोंद करून ठेवली आहे.