गोळीने मिळालेले दोन दिवस घरी बसून घालवू नका

वैशाखरे-टोकावडे भागात जुळं आहे म्हटलं की घरात आनंद आणि धाकधूक एकदमच. सातव्या महिन्यात पोट कडक होऊन कळा आल्या, की डॉक्टर बऱ्याचदा निफेडिपिनची गोळी देतात. कळा थांबतात आणि सासूबाई म्हणतात, "झालं बरं, आता घरीच पड." घात तिथेच होतो.

ही गोळी बाळंतपण महिनाभर पुढे ढकलत नाही. साधारण ४८ तास मिळवून देते, तेवढंच. (मुळात ही बीपीची गोळी, मेडिकलमधून आणून मनाने घ्यायची नाही.) या वेळात दोन कामं करायची. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची १२-१२ तासांनी ४ इंजेक्शनं द्यायची, आणि काचेच्या पेटीची सोय असलेल्या दवाखान्यात तिला पोचवायचं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे पुढे पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातल्या नर्सबाईही देऊ शकतात. औषध महाग नाही हो!

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यात, बोटोशीच्या मरकटवाडीत सातव्या महिन्यात घरीच जुळं झालं. दोन्ही बाळं गेली. रस्ता नव्हता, आईला डोलीतून न्यावं लागलं. आपल्या डोंगराकडच्या वाड्यांत पावसाळ्यात काय असतं, तुम्हीच सांगा.

येत्या ग्रामसभेत गटारासोबत हेही विचारा. केंद्रात डेक्सामेथासोन आज शिल्लक आहे का? जुळं असलेल्या गरोदर बायांची यादी आशाताईंकडे आहे का? आणि रात्री २ वाजता १०८ नक्की कुठपर्यंत येते?