मूल आपल्या माणसांत राहावे

गणेशोत्सव असो, दिवाळी पहाट असो की वार्षिक सर्वसाधारण सभा, आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी वुरुंजेरी या ॲबोरिजिनल लोकांच्या या भूमीचे व त्यांच्या वडीलधाऱ्यांचे कृतज्ञ स्मरण करण्याचा प्रघात आता चांगला रुजला आहे, आणि तो रुजला हे योग्यच झाले. परंतु ज्यांच्या पूर्वजांना आपण व्यासपीठावरून वंदन करतो, त्यांची आजची चार-पाच वर्षांची मुले कोणाच्या घरी वाढतात, रात्री कोणाच्या कुशीत झोपतात आणि त्यांच्या आयुष्याविषयीचे निर्णय कोण घेतो, याची विचारपूस आपण अद्याप पुरेशी केलेली नाही. येत्या ४ ऑगस्टला ॲबोरिजिनल व टॉरस स्ट्रेट आयलंडर मुलांचा राष्ट्रीय दिन आहे. १९८८ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने हा विषय वाचकांपुढे सविस्तर मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

हा विषय दूरचा नाही. मर्नडा, एपिंग, लेलोर या भागांत राहणारी आपली कित्येक कुटुंबे ज्या आगगाडीने नित्य शहरात कामाला जातात, ती थॉमसटाउनवरून जाते व पुढे थॉर्नबरीला थांबते. थॉमसटाउनमध्ये बुबुप विलम हे बालकेंद्र आहे आणि थॉर्नबरीत याप्पेरा ही त्याहून जुनी बालसंस्था आहे. दोन्हींचा कारभार ॲबोरिजिनल समाजाच्याच हाती आहे. तेथे मूल शाळापूर्व शिक्षण घेते, आपल्या लोकांची गाणी आणि शब्द ऐकते, ज्यांना सारा समाज आदराने आंटी आणि अंकल म्हणतो अशा वडीलधाऱ्यांच्या सहवासात वावरते. आणि त्याला पोहोचवायला आलेल्या आईला घरभाड्याची, आजारपणाची किंवा घरातील धाकाची गोष्ट बोलावीशी वाटली, तर ती ऐकणारे माणूस तिच्या ओळखीचे असते. संकटाची सरकारी दप्तरात नोंद होण्याआधीच त्याचे निवारण व्हावे, ही या कामाची खरी किमया आहे.

हे विश्वासाचे माणूस एवढे मोलाचे का ठरावे, हे कळण्यासाठी मागे जावे लागते. व्हिक्टोरिया वसाहतीने १८६९ साली ॲबोरिजिनल लोकांच्या संरक्षणाच्या नावाने एक कायदा केला, आणि त्यान्वये त्यांनी कोठे राहावे, कोणाची चाकरी करावी, इतकेच नव्हे तर त्यांच्या मुलांचा ताबा व शिक्षण कोणाकडे असावे, हे ठरविण्याचा अखत्यार सरकारकडे गेला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीने तेथील संरक्षण मंडळाला न्यायालयाची पायरी न चढता मूल उचलून नेण्याची मुभा मिळाली. १९१७ साली मार्गारेट टकर नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या आईपासून तोडून कूटामंड्राच्या मुलींच्या गृहात नेण्यात आले व पुढे गोऱ्या कुटुंबांत घरकामाला धाडण्यात आले. अशी मुले किती, याचा अंदाज रोनल्ड विल्सन व मिक डॉडसन यांच्या १९९७ च्या चौकशी अहवालात आहे : १९१० ते १९७० या काळात दर दहांत एक ते दर तिघांत एक, इतक्या प्रमाणात ॲबोरिजिनल मुले आपल्या घरांतून नेली गेली.

या हकीकती वाचताना मराठी वाचकाला सोलापूरची सेटलमेंट आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच ब्रिटिश साम्राज्याने, व्हिक्टोरियाच्या कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८७१ मध्ये हिंदुस्थानात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला, आणि त्या कायद्यात या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी करून सुधारशाळांत ठेवण्याची स्पष्ट तरतूद होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला. पारध्यांच्या पालावर पोलीस आले की मुले आजही आईच्या मागे दडतात, यावरून तो मनातून किती पुसला गेला हे समजावे. ज्या समाजाने सरकारी माणसाला मूल नेतानाच पाहिले, त्याच्या दारात मदतीचा हात घेऊन गेलेला सरकारी माणूसही आधी भयच घेऊन जातो. हे भय आपल्या मुलखातही नांदले आहे, म्हणून ते आपल्याला समजायला हवे.

मार्गारेट टकर यांचीच कन्या मॉली डायर. ज्या घरातली मुलगी सरकारने नेली होती, त्याच घरातल्या पुढच्या पिढीने मुलांना घरी ठेवण्याची संस्था उभारावी, यासारखी तेजस्वी घटना या राज्याच्या सामाजिक इतिहासात थोडी सापडेल. १९७६-७७ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरियन ॲबोरिजिनल चाइल्ड केअर एजन्सी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘वाका’, स्थापन झाली. मुलाला घरी ठेवणे खरोखरच अशक्य झाले, तर प्रथम त्याची आजी, मावशी, काका यांच्याकडे, तेथे नाही जमले तर त्याच्याच समाजातील दुसऱ्या कुटुंबात, आणि परक्या घरी सर्व उपाय हरल्यावर, हा क्रम अशाच संस्थांच्या आग्रहामुळे देशभरच्या कायद्यांत आला. या राज्यात एखाद्या ॲबोरिजिनल मुलाविषयी बालसंरक्षण खात्याकडे तक्रार आली, की खात्याने ॲबोरिजिनल संस्थेचा सल्ला घेतला पाहिजे. वाकामध्ये हे काम ‘लाकिजेका’ या नावाने चालते. कुटुंबाच्या बैठकीत आजीआजोबा बसतात आणि मुलाचे काय करावे हे आधी तेच बोलतात. २०१७ साली याच्याही पुढचे पाऊल पडले. न्यायालयाने ज्या ॲबोरिजिनल मुलांविषयी हुकूम दिला आहे, त्यांतील काहींच्या बाबतीतले सरकारी खात्याचे अधिकार वाकाच्या मुख्याधिकारी आंटी म्युरिएल बॅम्ब्लेट यांच्याकडे सुपूर्त झाले. शंभर-दीडशे वर्षे जो अखत्यार मंडळे आणि खाती गाजवीत आली, तो त्या समाजातील एका कर्त्या स्त्रीकडे कायदेशीर रीतीने आला. आमच्या मते या राज्यातील बालकल्याणाच्या क्षेत्रातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

आणि तरीही परिस्थिती गंभीर आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. देशातील एकूण मुलांत ॲबोरिजिनल व टॉरस स्ट्रेट आयलंडर मुलांचे प्रमाण सुमारे ६ टक्के. मात्र घराबाहेर सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांत ते ४० टक्क्यांहून अधिक आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी पूर्वी मुले नेल्याबद्दल संसदेत माफी मागितली, त्यानंतरही हा आकडा वाढतच गेला. अँड्र्यू जॅकोमॉस या पहिल्या ॲबोरिजिनल बाल-आयुक्तांनी व्हिक्टोरियातील सुमारे हजार मुलांची प्रकरणे एकेक करून तपासली आणि २०१६ मध्ये अहवाल दिला : दहांतील आठांहून अधिक मुलांच्या घरी कौटुंबिक हिंसाचार होता, आणि देखरेखीखाली गेल्यावर कित्येकांची भावंडे विखुरली होती. मुलाला खरा धोका असेल तर त्याला सुरक्षित स्थळी न्यावेच लागते, याविषयी दुमत नाही. परंतु मारहाण सोसणारी आई घर सोडून निघाली आणि तिला दुसरे छप्परच मिळाले नाही, तर तिचे मूल नेणे हा तिच्यावर झालेला दुसरा आघात होय. मारणारा पुरुष दरवेळी त्याच समाजातला असतो, असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय करारात हे विषम प्रमाण २०३१ पर्यंत ४५ टक्क्यांनी उतरविण्याची प्रतिज्ञा आहे. घरे, आश्रयस्थाने, बाळंतपणापूर्वीची सोबत यांवर पैसा खर्च झाल्यावाचून ती पुरी होणार नाही.

आता आपल्याविषयी. आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनी बालवाड्यांत शिक्षिका आहेत. परिचारिका, डॉक्टर, शाळाशिक्षकही थोडे नाहीत. हे सारे व्यवसाय असे आहेत की मुलावर अत्याचार झाल्याचा सबळ संशय आला तर कळविण्याचे बंधन कायदा त्यांच्यावर घालतो, आणि ते पाळलेच पाहिजे. आमचे म्हणणे त्याच्या अलीकडच्या, फार मोठ्या प्रदेशाविषयी आहे. डबा रिकामा आला, कपडे मळके होते, मूल आठवडाभर आजीकडे होते, एवढ्यावरून निष्काळजीपणाचा निष्कर्ष काढू नये. ज्यांची बालपणे वाड्यात, चाळीत, मामाच्या गावी, चुलत्यांच्या पंगतीत गेली, त्यांना तरी मूल अनेकांच्या हातांवर वाढते हे नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. शंका असेल तेव्हा आधी आईशी चार शब्द बोलावे, आणि तिची संमती असेल तर तिला ॲबोरिजिनल कुटुंबसेवेशी जोडून द्यावे.

दानाविषयीही एक स्पष्ट मत नोंदवितो. खेळणी व जुने कपडे गोळा करून पाठविण्याचा उत्साह स्तुत्य असला, तरी या संस्थांना स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल असा पैसा अधिक उपयोगी पडतो. कशासाठी हवा हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. म्हणून यंदाच्या गणेशोत्सवातील देणगीचा ठरावीक हिस्सा, कोणतीही अट न घालता व व्यासपीठावर धनादेशाचा समारंभ न करता, ॲबोरिजिनल समाजाच्या हाती असलेल्या बालसंस्थेला द्यावा, अशी दरखास्त संपादक मंडळाने कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. तिच्यावर सर्वसाधारण सभेत मतदान होईल. सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे, आणि ४ ऑगस्टला आपल्या परिसरात सर्वांसाठी खुला कार्यक्रम असेल तर मुलांना घेऊन तेथे जावे.