अब्रारच्या निकाहचे गाणे

वेंगुर्ल्यात एका निकाहच्या रात्री आमची पोरे डोक्यावर ग्लास ठेवून ‘जमाल कुडू’वर नाचत होती. हे गाणे ‘अ‍ॅनिमल’मधल्या अब्रारच्या लग्नातले. हा अब्रार तिसरी बायको करतो, भर लग्नात माणूस मारतो आणि पाहुण्यांदेखत नवरीवर तुटून पडतो.

डिसेंबर २०२३ मध्ये चित्रपट आला तेव्हा समीक्षकांनी भरपूर शाई ओतली. रक्तपात, मर्दानगी, बाईला बूट चाटायला सांगणारा नायक! जानेवारी २०२४ मध्ये अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात जावेद अख्तर बोलले, तेही त्या बुटाबद्दल. रास्तच बोलले. पण नायकाचा हा वैरी चुलतघराण्यातला; ते घर धर्मांतरित मुसलमान कशासाठी? बहुतेक परीक्षणांत यावर एखादे वाक्य, तेही जाता जाता. दिग्दर्शक संदीप रेड्डी वांगांनी मुलाखतीत कारण सांगून टाकले: इस्लाममध्ये अनेक बायका करता येतात, त्यामुळे भावंडे वाढतात, नाट्य वाढते. म्हणजे आमचा दीन ही पटकथेची सोय!

सूड दोघेही घेतात. नायकाच्या पितृप्रेमावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. आजोबाला जळताना पाहून वाचा गेलेल्या अब्रारचे दुःख कोणी मोजले? आणि आपल्यातल्या किती लिहिणाऱ्यांनी हे मराठीत छापून विचारले?

मला बंदी नको. त्या रात्री गाणेही थांबवले नाही. एका पोराला फक्त विचारले, हा अब्रार कोण, ठाऊक आहे का?

“चाचा, बॉबी देओलची एन्ट्री आहे ती,” तो म्हणाला आणि ग्लास सावरत पुन्हा नाचायला गेला.