वनफेरी आणि सापांची ओळख

माणिकपुराहून पूर्वेकडे निघाले, की रेल्वेमार्ग आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडताच तुंगारेश्वरचे डोंगर समोर येतात. २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा आहे. आपल्या निवासी शाळेच्या इतके जवळ असूनही तेथे मुलांना नेण्याचा विषय निघाला, की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तिथे साप असतील ना?” साप आहेत. आणि म्हणूनच जाणत्या मार्गदर्शकाबरोबर मुलांनी तेथे गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांची भीती निराधार नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मरणाऱ्यांत बहुसंख्य ग्रामीण, कष्टकरी माणसे आहेत. आपल्या वसतिगृहातील मुले ज्या गावांतून, पाड्यांतून आणि वस्त्यांतून येतात, त्यांचाच हा प्रश्न आहे.

परंतु हे दंश बहुतेक वेळा कोठे होतात? शेतात, अंगणात, गवताच्या गंजीपाशी आणि झोपलेल्या घरात. मण्यार तर रात्री हिंडणारा साप. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला तो चावतो, तेव्हा वेदना जवळजवळ होत नाही आणि दाताची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटते की काहीतरी बाधले असेल. मुलांना जंगलात जाऊ न दिल्याने हा धोका टळत नाही. ज्या मुलाला मण्यारीची ओळख नाही, ते आपल्याच गावात, आपल्याच अंथरुणात असुरक्षित असते.

वनफेरी काय शिकवते, हे सांगताना एका परदेशी सापाचे उदाहरण देतो. अमेरिका खंडांत आढळणारा रॅटलस्नेक शेपटीच्या टोकाची खुळखुळ वाजवून सावध करतो : मी येथे आहे, पाय टाकू नकोस. इतका स्पष्ट इशारा देणाऱ्या या सापांनाही माणसाने बक्षिसे लावून मारले, आणि त्यांचे अधिवास मोडले. त्यांपैकी ईस्टर्न मॅसॅसॉगा ही जात २०१६ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून नोंदवावी लागली. आज तेथे लोकांना मार्गदर्शकासह जंगलात नेऊन याच सापांविषयी शिकवले जाते.

आपल्या सह्याद्रीत रॅटलस्नेक नाही, पण त्याचा नातलग आहे. बांबूच्या बेटांत आणि झुडपांत राहणारा हिरवा चापडा त्याच कुळातला. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खाचेने तोही उष्णता ओळखतो. इशारा देणारे तर आपल्याकडे अनेक आहेत. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते, फुरसे अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते, नाग फणा उभारतो. मण्यार मात्र असा कोणताच गाजावाजा करीत नाही. हे पुस्तकात वाचता येते; पण पायवाटेवर कोठे पाऊल टाकावे, दगडाखाली हात का घालू नये, पाचोळ्यात काय लपू शकते, हे चालतानाच अंगवळणी पडते. फेरीत एकही साप दिसला नाही, केवळ एखादी कात सापडली, तरी ती फेरी वाया गेली असे समजू नये.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. वसईची भातशेती आणि पाणथळ जागा इमारतींखाली जात आहेत. बेघर झालेली धामण सोसायटीच्या आवारात शिरते आणि नाग समजून मारली जाते. वास्तविक ती बिनविषारी, उंदरांवर जगणारी, शेतकऱ्याची सोबतीण. कवड्यालाही मण्यार समजून ठेचले जाते. अज्ञानापायी माणूसही मरतो आणि सापही.

या विषयावर आपल्या परंपरेने मौन पाळलेले नाही. एका भिक्खूचा सर्पदंशाने मृत्यू झाला, तेव्हा तथागतांनी सर्पांच्या चार राजकुलांविषयी मैत्रीभावना करण्यास सांगितले. खंध परित्ताचा उगम तोच. दुसरीकडे अलगद्दूपम सुत्तात, साप चुकीच्या जागी धरणारा माणूस दंश पावतो, या दृष्टान्ताने धम्म नीट समजून घेण्याची शिकवण दिली आहे. मैत्री आणि अचूक ज्ञान, दोन्ही हवीत. परित्त म्हणावे आणि मच्छरदाणीही नीट खोचावी.

म्हणूनच शाळेत जिवंत साप आणून खेळ दाखवण्यास माझा विरोध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा हेतू त्याने डावलला जातोच, शिवाय साप हातात धरणे म्हणजे शौर्य, असा घातक धडा मुले घेतात. मुलांनी शिकायचे आहे ते अंतर राखणे. ओळख पटो वा न पटो, दुरूनच थांबायचे आणि मोठ्यांना सांगायचे.

शाळेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आठवीच्या प्रत्येक तुकडीची हिवाळ्यात वनविभागाच्या परवानगीने एक वनफेरी व्हावी, आणि तिच्या आधी वर्गात चार विषारी सापांचा परिचय व प्रथमोपचाराचा सराव घ्यावा : धीर देणे, दंश झालेला अवयव न हलवता फळीने आधार देणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून तडक रुग्णालय गाठणे. चिरणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे आणि मांत्रिक, हे चारही वर्ज्य. दुसरी, फेरीहून आल्यावर त्याच मुलांनी वसतिगृहाची पाहणी करावी : भिंतींची बिळे, सरपणाचा ढीग, स्वयंपाकघरामागचे खरकटे, शौचालयाच्या वाटेवरचा अंधार. तिसरी, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि दूरध्वनी प्रत्येक खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहावा.

माजी विद्यार्थ्यांनी या कामी हात द्यावा, ही विनंती. खाटा, मच्छरदाण्या, विजेऱ्या आणि वाटेवरचे दिवे यांना फार मोठा निधी लागत नाही. आणि पालकांनी संमतिपत्रावर सही करताना एवढेच ध्यानात घ्यावे, की सुट्टीत घरी आलेले मूल, भावंडांना रात्री विजेरी घेतल्याशिवाय अंगणात जाऊ नका, असे बजावू लागले, तर या फेरीचा लाभ साऱ्या घराला होणार आहे.