विश्लेषण : पुस्तक ग्रंथालयात आहे, मग ऑनलाइन कॅटलॉगमध्ये का सापडत नाही?

वाचकांच्या फेसबुक ग्रुपवर एखाद्या जुन्या कादंबरीचं मुखपृष्ठ पडलं, की खाली दोन प्रश्न हमखास येतात. ‘हे कुठे मिळेल?’ आणि लगोलग ‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच जगभरातल्या ग्रंथालयांनी गेल्या पन्नास वर्षांत ऑनलाइन कॅटलॉग उभे केले. तरीही मराठी वाचक दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. याला दर वेळी फुकटेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. कॅटलॉगमध्ये शोधलं तर पुष्कळदा काहीच येत नाही, किंवा पुस्तक शिकागोला आहे असं उत्तर मिळतं.

शिकागोत दिसतं, साताऱ्यात का नाही?

जगातला सर्वांत मोठा एकत्रित कॅटलॉग म्हणजे वर्ल्डकॅट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये ओसीएलसी ही सहकारी संस्था काढली. १९७१ पासून एका ग्रंथपालाने केलेली पुस्तकाची नोंद दुसऱ्या ग्रंथालयाला ऑनलाइन वापरता येऊ लागली. तेच वाढत वाढत वर्ल्डकॅट झालं. आज त्यात ५० कोटींहून अधिक नोंदी आहेत. पुस्तकाचं नाव टाकायचं, आपलं ठिकाण सांगायचं, की जवळच्या कोणत्या ग्रंथालयात ते आहे हे दिसतं. पण त्या ग्रंथालयाने आपल्या नोंदी तिथे दिलेल्या असतील तरच. भारतातल्या फार थोड्या ग्रंथालयांनी त्या दिल्या आहेत.

मग शिकागोत मराठी पुस्तकं पोहोचली कशी? त्याचं उत्तर गव्हात आहे. पीएल-४८० योजनेखाली भारताने अमेरिकेकडून धान्य घेतलं आणि त्याचे पैसे रुपयांत चुकते केले. रेशनवरचा लाल गहू आणि मिलो जुन्या पिढीला अजून आठवतो. त्या रुपयांतला छोटासा हिस्सा १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला वापरला गेला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने ती खरेदी केली, त्यांच्या नोंदी केल्या आणि अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. धान्याचा करार संपला, पण पुस्तकखरेदी वेगळ्या पैशांवर सुरूच राहिली. त्यामुळे कितीतरी मराठी पुस्तकांची जगाला दिसणारी नोंद ही अमेरिकी ग्रंथालयांसाठी केलेली नोंद आहे.

‘सावंत’ कसं लिहायचं?

इथे वाचकाची दुसरी अडचण सुरू होते. अशा पुष्कळ जुन्या नोंदी फक्त रोमन लिपीत आहेत आणि त्यांचं रोमन रूप आपण फेसबुकवर लिहितो तसं नाही. ते ठरावीक लिप्यंतराच्या नियमांनी केलेलं आहे. त्या नियमांत व्यंजनातला ‘अ’ उच्चारात नसला तरी लिहायचा असतो. म्हणून शिवाजी सावंतांचं आडनाव तिथे ‘एस-ए-व्ही-ए-एन-टी-ए’ असं असतं. आपण टाकतो डब्ल्यूवालं ‘सावंत’, तेही शेवटचा ‘ए’ न लावता.

‘श’साठी तिथे ‘एसएच’ नसतं. ‘एस’वर एक खूण असते आणि शोधताना ती सोडून दिली तरी चालते. त्यामुळे पु. ल. देशपांडे शोधायचे तर ‘डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई’ असं टाकून पाहावं लागतं. ‘च’साठी नुसता ‘सी’, म्हणून भालचंद्रमध्ये ‘सीएच’ लिहिलं तर चुकामूक होऊ शकते. ‘मृत्युंजय’मध्ये तर ‘एम’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये ‘आय’ येतच नाही आणि शेवटी जास्तीचा ‘ए’ येतो. नियम म्हणून यात चूक काही नाही. संस्कृतपासून तमिळपर्यंतच्या पुस्तकांची एकसारखी मांडणी करायला ते सोयीचेच आहेत. फक्त मराठी बोलणारा माणूस आपलं नाव असं कधीच लिहीत नाही.

यावर उपाय साधा आहे, थोडा कंटाळवाणा आहे. आधी देवनागरीत शोधा. मग नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने. मग वरच्या नियमाने. पूर्ण नावाऐवजी आडनाव आणि शीर्षकातला एखादा वेगळा शब्द एवढंच टाका. पुस्तकावर आयएसबीएन असेल तर सगळ्यात बरं, कारण आकड्यांना स्पेलिंग नसतं. ही पद्धत मुळात १९७० च्या सुमाराची, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांक शोधू नये.

कॅटलॉगच बंद पडला तर?

कॅटलॉगची किंमत काय, हे लंडनमध्ये २०२३ साली दिसलं. २८ ऑक्टोबरला ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. ऱ्हायसिडा नावाच्या टोळीने खंडणी मागितली, लायब्ररीने दिली नाही, आणि सुमारे ६०० जीबी माहिती चोरट्यांनी उघड केली. एकही पुस्तक चोरीला गेलं नव्हतं की जळलं नव्हतं. तरी संशोधकांचं काम अडलं. कोणतं पुस्तक कुठल्या मांडणीवर आहे हे सांगणारी यंत्रणाच गेली होती. यॉर्कशरमधल्या स्वयंचलित गोदामातली पुस्तकं तर तिथले कर्मचारीही काढू शकत नव्हते. ३.६ कोटी नोंदींचा मुख्य कॅटलॉग १५ जानेवारी २०२४ ला परत आला, तोही फक्त शोधून पाहण्यापुरता.

त्या काळात जुने छापील कॅटलॉग पुन्हा उपयोगी पडले. मराठीपुरतं बोलायचं, तर ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ मध्येच छापून निघाली होती. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मुद्रित मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशा चिकाटीने केली. एकोणिसाव्या शतकातलं एखादं मराठी पुस्तक खरंच निघालं होतं का, हे पाहायला अभ्यासक आजही दात्यांची सूची उघडतात.

महाराष्ट्रात काय स्थिती?

१९६७ च्या कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. पण या सगळ्यांतली पुस्तकं वाचकाला घरबसल्या एका शोधात दिसतील, अशी सोय नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी ‘इंडकॅट’ ही देशव्यापी सूची आहे आणि ती कुणालाही पाहता येते. गावातल्या वाचनालयाचा कॅटलॉग मात्र बहुधा दाखल रजिस्टरमध्ये आणि ग्रंथपालाच्या डोक्यात असतो.

सॉफ्टवेअर महाग आहे म्हणून हे अडलेलं नाही. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने बनवून घेतलेलं ‘कोहा’ मोफत मिळतं. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थच भेट असा आहे. आपल्याकडची कितीतरी महाविद्यालयं ते वापरतात. पैसे लागतात ते वीस हजार पुस्तकं एकेक हातात घेऊन नोंदवणाऱ्या माणसाला. तुटपुंज्या मानधनावर देवघेव सांभाळणाऱ्या एकट्या कर्मचाऱ्याकडून ते काम होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यातही प्रत्येक वाचनालयाने ‘ययाति’ची नोंद नव्याने टंकणं म्हणजे शुद्ध वाया जाणारी मेहनत. एकाने केलेली नोंद बाकीच्यांनी उतरवून घ्यावी, हीच तर १९७१ मधली कल्पना होती.

पीडीएफ पाठवावी की लिंक?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. ती बिनधास्त पाठवावीत. पु. ल. २००० मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे.

ग्रंथालयांनाही इथे मोकळीक नाही. इंटरनेट आर्काइव्ह आपल्याकडच्या एका छापील प्रतीमागे एका वाचकाला स्कॅन केलेली प्रत वाचायला देत असे. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी ही मर्यादा काही आठवडे उठवली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला. २०२३ मध्ये आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला. पाच लाखांहून अधिक पुस्तकं वाचनासाठी बंद झाली. त्यांच्याच ‘ओपन लायब्ररी’वर पुस्तकांच्या नोंदी मात्र राहिल्या, कारण अमुक पुस्तक अमुक साली निघालं हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणूनच नोंदीची लिंक पाठवणं सोपं आणि निर्धोक असतं. वर्ल्डकॅटवर खातं उघडून पुस्तकांची यादी करता येते, ‘कोहा’तही ‘लिस्ट’ची सोय आहे. एखाद्या विषयावरची वीस पुस्तकं एका लिंकमध्ये ग्रुपवर टाकता येतात. एक पथ्य पाळावं. शोध घेतल्यावर वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता तसाच कॉपी करू नये. काही कॅटलॉगमध्ये तो तेवढ्या बैठकीपुरता असतो आणि दुसऱ्याने उघडला की ‘सेशन संपलं’ असा निरोप येतो. पुस्तकाच्या नोंदीवर जाऊन ‘शेअर’ किंवा ‘पर्मालिंक’ असं लिहिलेलं बटण शोधावं. ते नसेल तर लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्तीचं साल आणि ग्रंथालयाचा वर्गांक एवढं टंकून द्यावं. मराठी साहित्याचा वर्गांक ड्युई पद्धतीत ८९१.४६ ने सुरू होतो. ही पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात तेवढ्या आकड्यावरूनही नेमकं कपाट गाठता येतं.